मयतांचा फळा

“बाई, तुमची मयतं किती?”

“एकही नाही, सर.”

“आणि बिराजदार, तुमची?”

मी फळ्याकडं पाहिलं. सुगंधा तारीच्या नावापुढं फळा कोरा होता. माझ्या नावापुढं खडूच्या उभ्या रेघा एवढ्या झाल्या होत्या, की आणखी आठवडाभर शिकलो असतो तर दुसरा फळा आणावा लागला असता.

“बरीच आहेत, सर.”

“बरीच म्हणजे तेराव्याला मांडव घालावा लागेल इतकी,” टिपणीस सर आवाज न चढवता म्हणाले आणि त्यांनी काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला. “बसा. आज शेवटची चाचणी.”

त्या केंद्राचं नाव मी सांगत नाही. पेन्शन अजून येते. एवढंच सांगतो, की नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्रातली वादळं ओळखायला शिकवणारा टिपणिसांसारखा दुसरा माणूस तेव्हा आमच्या खात्यात नव्हता. आम्ही शिकाऊ तिघं होतो. तिसरा महिन्याभरात टिपणिसांना कोपरापासून हात जोडून बँकेत कारकून झाला. शहाणा होता.

शिकवण्याची पद्धत अशी. जुन्या कुठल्या तरी वादळाची चित्रं सर एकामागून एक टेबलावर ठेवायचे. कडेला छापलेली तारीख ब्लेडनं कापलेली असायची आणि किनाऱ्यावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे साल कुठलं, समुद्र कुठला, काही कळू नये. आम्ही वर पारदर्शक फिल्म ठेवायची, मेणाच्या पेन्सिलीनं वादळाचं केंद्र दाखवायचं आणि ढगांची ठेवण बघून त्याला आकडा द्यायचा. एक म्हणजे ढगांची नुसती गर्दी, आठ म्हणजे प्रलय. आकडा तीनच्या आत असेल तर बंदरांना तार जायची, ‘सावधानतेचा बावटा लावा’. मग होड्या जपून का होईना, बाहेर पडायच्या. आकडा तीन झाला की धोक्याचा बावटा चढायचा आणि होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जायच्या. आमचा आकडा कमी पडला तर सर रागवायचे नाहीत. उठून फळ्याकडं जायचे, त्या वादळात खरोखर जेवढी माणसं बुडाली असतील तेवढ्या रेघा आमच्या नावापुढं मारायचे आणि म्हणायचे, “ही तुमची मयतं.” चूक आकड्यात मोजली की माणूस निर्ढावतो, असं त्यांचं म्हणणं. मी माणसांत मोजूनही निर्ढावलो होतो, ती गोष्ट वेगळी.

मी जतचा. आमच्याकडं बुडून मरायचं तर आधी पाणी शोधावं लागतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो उपग्रहाच्या चित्रात, वरून. सुगंधा मात्र आडवेळ बंदराची, मालवणी मुलखातली, मासेमार गाबितांच्या घरातली. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला विचारलं होतं, “या खात्यात कशाला आलात?” मी म्हणालो, “नोकरी मिळाली म्हणून.” सुगंधा म्हणाली, “माझे वडील वादळात गेले, सर. बंदरावर बावटा चुकीचा लागला होता.” सरांनी तिला साल विचारलं, गाव विचारलं, आणि त्या दिवशी तास लवकर सोडला. मला वाटलं, बरं झालं, पहिल्याच दिवशी चहाला वेळ मिळाला.

शिकाऊ दोन आणि वादळाच्या टेबलावर जागा एक. दुसऱ्यानं पर्जन्यमापन विभागात जायचं, आणि मला आतून कळलं होतं, की माझी बदली आमच्याच भागात होणार आहे. जत तालुक्यात पाऊस मोजायची नोकरी म्हणजे गावभर चेष्टा. लोक विचारणार, “काय साहेब, आज किती पडला नाही?” त्यामुळं ती जागा मला हवी होती. सुगंधाला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवी होती. बावट्याची तार ज्या टेबलावरून सुटते त्या टेबलाशी तिला बसायचं होतं, बाकी आयुष्यात तिला काही नको होतं. एकदा कॅन्टीनमध्ये ती म्हणाली होती, “रे बिराजदारा, थय मी बसलंय तर एक होडी बुडाची नाय बघ.” सहा महिन्यांत तिची मालवणी मला समजायला लागली होती. तिचा मला हेवा वाटायचा. तिला ढगात जे दिसायचं ते मला बोट लावून दाखवलं तरी दिसत नसे.

म्हणून त्या दिवशी मी ठरवूनच आलो होतो. शेवटची चाचणी, तिचंच बघून लिहायचं. खुर्ची जरा डावीकडं सरकवली आणि तिच्या हातावर नजर ठेवून बसलो.

पहिलं चित्र आलं. समुद्रावर विसकटलेले ढग.

“एक,” सुगंधा म्हणाली.

“एक,” मी म्हणालो.

दुसरं चित्र. त्या जुन्या चित्रांच्या काळी उपग्रह दिवसातून दोनदाच डोक्यावरून जायचा, सकाळी आणि संध्याकाळी. ढग जरा एकवटले होते, एका बाजूनं पट्टा धरला होता. तिनं फिल्मवर दीड लिहिला. मीही दीड लिहिला.

“आज तुमचं फार जमतंय, बिराजदार,” सर म्हणाले.

“तुमचीच कृपा, सर.”

तिसरं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं आणि रोजच्यासारखे खुर्चीत न बसता आमच्या मागं येऊन उभे राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. चित्र दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. मधोमध पांढऱ्या ढगाची एक जाड गोधडी पसरलेली, आणि तिच्याखाली काय चाललंय ते दिसायला मार्ग नाही. सुगंधानं डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ ती त्या ढगावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं केंद्राची फुली मारली आणि शेजारी दोन लिहिला. एकदाच लिहिला. मी दोन लिहिला.

“बाई?”

“दोन, सर.”

“नक्की?”

“हो, सर. काल सकाळी एक होता. एका दिवसात एकापेक्षा जास्त वाढवायचा नाही. आणि या ढगात त्याहून जास्त काही दिसतही नाही.”

“बावटा?”

“सावधानतेचा.”

“होड्या?”

“जाऊ देत. किनाऱ्याजवळ राहाव्यात.”

“पुन्हा बघा.”

तिनं पुन्हा बघितलं. पुसायच्या फडक्याला हातही लावला नाही. “दोनच, सर.”

“बिराजदार?”

“दोनच, सर,” मी छाती काढून म्हणालो. पहिल्यांदाच मला खात्री होती, कारण ती माझी नव्हती.

सरांनी चौथं चित्र ठेवलं. ते मलासुद्धा वाचता आलं. घट्ट गोल ढग आणि त्याच्या मधोमध कातरल्यासारखं स्वच्छ काळं भोक. वादळाचा डोळा.

“साडेचार,” सुगंधा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. “हे कधीचं, सर?”

“त्याच दिवशीचं. संध्याकाळचं.”

“म्हणजे होड्या बाहेर आहेत.”

“आहेत. तुम्हीच सोडल्यात.”

त्यांनी चित्राच्या उजव्या कडेची काळी पट्टी नखानं उचकटली आणि ओढून काढली. खालून किनारा निघाला. मला सगळे किनारे सारखेच, पण सुगंधा त्या किनाऱ्याकडं बघतच राहिली. खाडीचं एक तोंड होतं, त्याच्या दक्षिणेला जमिनीची एक चोच समुद्रात गेलेली होती. तिनं तिच्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

“गाव कुठलं तुमचं, बाई?” सरांनी विचारलं. जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“आडवेळच्या दोन होड्या गेल्या त्या दिवशी. बाकीच्यांची नावं मला कधी कळली नाहीत, म्हणून त्यांच्या रेघा.” सर फळ्याकडं गेले. तिच्या नावापुढच्या कोऱ्या जागेत त्यांनी रेघा मारल्या, एकेक, सावकाश. “एक नाव मात्र आता कळलंय.” आणि रेघांच्या शेवटी त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं : जनार्दन तारी.

हे नाव त्यांना शोधावं लागलं नव्हतं. आपल्याकडं बापाचं नाव मुलीच्या नावातच असतं. हजेरीपटावर रोज तेच वाचत होते ते.

मला त्या क्षणी त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं. वाढवून सांगत नाही, खरंच वाटलं. सुगंधाचे हात टेबलावर होते, खालच्या दिव्यानं बोटं लाल दिसत होती, आणि ती त्या नावाकडं बघत होती. रडली नाही. तिला रडताना मी कधीच पाहिलं नाही.

सरांनी खडू ठेवला, हात झटकले, एक स्टूल ओढलं आणि आमच्यासमोर बसले. शिकवताना ते कधी आमच्या उंचीला येऊन बसलेले मला आठवत नाहीत.

“बाई, त्या दिवशी ड्यूटीवर मी होतो,” ते म्हणाले. “हेच चित्र माझ्यासमोर आलं. मीही दोनच दिला. मीही म्हणालो, होड्या जाऊ देत.”

त्यांनी तिसऱ्या चित्रावर बोट टेकवलं.

“चौकशी झाली. सगळे म्हणाले, टिपणीस, तुमची चूक नाही, या चित्रात काही दिसतच नव्हतं. सगळे म्हणाले. पण त्यांना काय दिसतं? त्यांना ढग आणि कापूस यातला फरक कळत नाही. मी इतकी वर्षं हे चित्र कोणाला दाखवलं नाही, कारण दाखवावं असा डोळाच माझ्याकडं आला नाही. तुम्ही आलात. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. आणि तुम्हीच...” त्यांनी फळ्याकडं बघायचं टाळलं. “तुम्हीही आता दोनच दिलात. तुम्ही सांगितलंत तर मी मानेन. दिसत होतं का यात काही?”

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. या म्हाताऱ्याला तिला शिकवायचं नव्हतं. तिच्याच हातानं तिच्या बापाला एकदा समुद्रात पाठवून घ्यायचं होतं, म्हणजे मग तिला म्हणावं लागेल, सर, तुमची चूक नव्हती. तिच्याकडून निकाल घ्यायला तो आला होता. आणि खरं सांगायचं तर निकाल तिनं दिलेलाच होता. ‘त्याहून जास्त काही दिसतही नाही,’ हे तिचेच शब्द होते. ते पुन्हा एकदा उच्चारायचे, एवढंच बाकी होतं.

सुगंधानं आपली फिल्म उचलली. फडकं घेतलं, त्यावरची फुली आणि दोन पुसून टाकला. मग तिसरं चित्र सरांच्या पुढ्यात सरकवलं.

“दिसत होतं, सर,” ती म्हणाली.

सर हलले नाहीत. “काय म्हणालात?”

“ही कड बघा. पश्चिमेकडची. इथं ढग पातळ आहे आणि कड आत वळतेय. वरून पांघरूण आहे म्हणून डोळा दिसत नाही, पण वळण लपत नाही. मी आधी साडेतीन लिहिला होता.”

“मग... दोन का सांगितलात?”

“पुसला. एका दिवसात एकच वाढवायचा म्हणता ना तुम्ही. मागं उभे होता. मला भीती वाटली तुमची.” ती अगदी शांत, स्वच्छ मराठीत बोलत होती, रेडिओवर बोलावं तशी. “तुम्हाला त्या दिवशी कोणाची भीती वाटली होती, सर?”

“कोणाची नाही,” ते म्हणाले. “मी एकटाच होतो.”

“मग तुम्हाला दिसायला हवं होतं.”

त्यांनी तिच्या हातातलं भिंग घेतलं आणि ते चित्रावर वाकले. मीही मान लांबवून बघितलं. पांढरा ढग होता, त्याला कड होती, जशी कुठल्याही ढगाला असते. मला काही वळण दिसलं नाही. पण मला कधीच काही दिसत नसे, तेव्हा माझं सोडा. सर बघत राहिले. भिंग सरकत होतं, मागं येत होतं, पुन्हा सरकत होतं. त्यांच्या मानेवर घाम आला.

“हो,” ते शेवटी म्हणाले. “वळतेय. वळतेय खरी.”

ते उठले. फळ्यापाशी जाऊन तिच्या नावापुढच्या सगळ्या रेघा आणि ते नाव त्यांनी पुसलं. डस्टर तिथंच होतं, पण हातानं पुसलं. मग खाली, जिथं तिसऱ्या शिकाऊचं नाव असायचं तिथं, त्यांनी ‘टिपणीस’ लिहिलं आणि त्याच्यापुढं त्या रेघा पुन्हा मारायला लागले. आम्ही दोघं बाहेर आलो तेव्हा ते मारतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दाढी केलेली नव्हती. कालचाच शर्ट अंगात होता. टेबलावर ते चित्र, भिंग आणि गार झालेला चहा.

“बसा बिराजदार. काल तुम्ही बाईंच्या शेजारी होता.”

“हो, सर.”

“त्यांनी आधी साडेतीन लिहिला होता, मग पुसला?”

मला खोटं बोलता आलं असतं. गप्पही राहता आलं असतं. पण त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. काल नरडं धरावंसं वाटलेला मी, आज मला त्याची कीव आली. मन असं माकड असतं.

“नाही, सर,” मी म्हणालो. “तिनं काही पुसलं नाही. पहिल्यापासून दोनच लिहिला. एकदाच लिहिला.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. “मी तिचंच बघून लिहीत होतो, सर. तिच्या हातावरची नजर मी हलवलीच नव्हती. त्या चित्रात काही नव्हतं. तिलाही दिसलं नाही, तुम्हालाही दिसलं नाही. ती कालची गोष्ट रागानं बोलली.”

सर माझ्याकडं बघत राहिले आणि हसले. सहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि ते हसू मला आवडलं नाही.

“कॉपी करणाऱ्याची साक्ष,” ते म्हणाले. “जागेसाठी एवढं कशाला करता, बिराजदार?”

“जागेसाठी नाही, सर. आईची शपथ.”

“मग दयेपोटी. ते तर त्याहून वाईट.” त्यांनी भिंग उचललं. “तुमच्या नावापुढं एवढी मयतं का आहेत, कधी विचार केलात? तुम्हाला दिसत नाही म्हणून नव्हे. तुम्हाला वाईट काही दिसलं, की वाटतं, नसेल एवढं, कशाला लोकांना घाबरवा. दयाळू माणसाचा आकडा नेहमी कमी येतो. असा माणूस त्या टेबलावर नको. बाई तिथं बसतील. मी काल रात्रीच तसं कळवलंय.”

“पण सर, ती खोटं...”

“मला दिसतंय, बिराजदार,” ते म्हणाले. “ती कड मला आता दिसतेय. डोळे मिटले तरी दिसते. तुम्ही जा.”

मी गेलो. पुढं जतलाही गेलो, आणि लोकांनी विचारायचं ते विचारलंच.

टिपणीस त्यानंतर दीडेक वर्षानं निवृत्त झाले. तरी दर पावसाळ्याआधी ते केंद्रात यायचे म्हणे, काखेत ते चित्र आणि खिशात भिंग घेऊन. नव्या पोरांना बाजूला घेऊन विचारायचे, “ही कड बघा. वळतेय ना?” पोरं काय बोलणार? एवढे मोठे सर, म्हातारा माणूस, मान ठेवायला नको? सगळी म्हणायची, “हो सर, स्पष्ट वळतेय.” कोणाच्याही तोंडून ‘नाही’ निघालं नाही. एकदा कामानिमित्त मी तिथं गेलो असताना माझ्यासमोर हे घडलं. मी मध्ये पडून म्हणालो, “सर, काही वळत नाही हो.” तर त्या पोरांकडं बघून म्हणाले, “हे बिराजदार. यांना कधीच दिसलं नाही.” पोरं हसली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी सरांच्या खोलीतून मी निघालो तो तडक कॅन्टीनमध्ये. सुगंधा खिडकीजवळ बसली होती. समोर चहा. तिला जागेचं कळलेलं होतं, तोंडावरून दिसत होतं, पण आनंद झालेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. मी माझा चहा आणि बशीत दोन पाव घेऊन तिच्यासमोर आदळलो.

“पुसला म्हणे,” मी म्हणालो. “काय पुसलं होतंस गं तू? मी बघत होतो सगळं.”

“ठावक आसा माका. तू माझाच बघून लिवत हुतंस.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “सांगलंस काय त्यांका?”

“सांगितलं.”

तिनं झटकन वर पाहिलं. “मगे?”

“नाही पटलं त्यांना.”

तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मला तिचा फार राग आला. जागा गेली होती म्हणून आला, की त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून आला, ते मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

“त्यांनी काल जे केलं ते कसायानं केलं नसतं, हे मला मान्य आहे,” मी म्हणालो. “फळ्यावर नाव लिहिलं, ते बघून मलाच कसंतरी झालं. पण तुला खरंच काही दिसलं होतं का? शपथेवर सांग.”

“कायच नाय.” तिनं कप फिरवला. “डोळे फुटासर बघलंय. काल बघलंय, आज सकाळी येवन परत बघलंय. थय कायच नाय, बिराजदारा. देवाक पन दिसला नसता.”

“मग जा आणि सांग त्यांना. एक वाक्य बोलायचंय. तो माणूस रात्रभर झोपलेला नाही.”

“माझी आवस सोळा वर्सां झोपाक नाय,” ती आईबद्दल म्हणाली. “सोळा वर्सां ती बंदरावरच्या बावटेवाल्याक गाळी घालता. आख्ख्या गावान त्येका वाळीत टाकल्यानी. त्येच्या बायलेक बावडीर कोण पानी भरूक देय नाय. त्येच्या चेडवाक कोणी सून करून घेतला नाय. तो बिचारो काय करतलो? हयसून तार इली तसो त्येना बावटो चढवल्यान. हय येवन माका ता समाजला, तवां त्येच्यावरचो माझो राग गेलो. गेलो तो गेलो, पन मगे माझ्या हातात कायच उरूक नाय.”

“अगं, पण टिपणिसांचीही चूक नव्हती. तूच म्हणतेस.”

“नव्हती.”

“मग कोणाचीच नव्हती.”

“तसा म्हणू नको,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. तिनं आवाज खाली घेतला, टेबलावर पुढं वाकली. “कोणाचीच चूक नाय, तर माझो बापूस फुकट गेलो? वारो इलो आनी गेलो, येवढाच? ता माका सोसाचा नाय रे. त्येच्यापायी एक तरी मानूस जल्मभर जागो रवाक होयो. सरांनी माका आपल्या तोंडान इचारल्यानी, ‘माझो गुन्हो हुतो काय?’ मी कशाक नाय म्हणू?”

तिनं माझ्या बशीतला एक पाव उचलला, चहात बुडवला आणि खाल्ला. मग दुसराही खाल्ला.